लाल अक्षरातला दिवस

स्तानाने टेबलाखालून नवऱ्याच्या बुटावर टाच ठेवली आणि चांगली दाबली. पण रादिसावचे बूट डोंगरातले, जाड कातड्याचे. त्याला काही कळलं नाही. तो बोलतच राहिला.

"आमंत्रित पाहुणे?" तो शेजारी बसलेल्या आपल्याच वकिलाकडे वळून म्हणाला. "अहो प्रोदानोविच, स्लावाला कुणी आमंत्रण देतं का? घराण्याच्या संताचा दिवस तो. सकाळी दार उघडायचं ते उघडंच ठेवायचं. ज्याला यायचं तो येतो. वाट चुकलेला आला तरी आधी त्याला बसवायचं, जेवायला घालायचं, आणि मग विचारायचं, बाबा, तू कोणाचा कोण. आमंत्रणं देऊन जेवू घालायला आम्ही काय हॉटेल काढलंय?"

तरुण प्रोदानोविचचं पेन कागदावर जिथे होतं तिथेच थांबलं. गेली दहा मिनिटं तो बिचारा एकच गोष्ट जीव तोडून मांडत होता, की रादिसावने बॅटरीचं खोकं दाखवलं ते स्वतःच्या घरात, निवडक आप्तांना. म्हणजे ते जगजाहीर झालं असं म्हणता येणार नाही. आणि ज्याच्यासाठी मांडत होता त्यानेच दार सताड उघडून दिलं होतं.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या झागोर्का तेर्झिचबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पेटंट द्यायचं की नाही हे तपासणाऱ्या त्याच. पन्नाशीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या.

"मी तेच विचारणार होते," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरीही कुणाला बोलावत नाहीत. म्हणजे ते घर त्या दिवशी सगळ्यांना खुलं होतं, असं लिहू ना?"

"लिहा की," रादिसाव म्हणाला. "अभिमानाने लिहा."

बाईंनी लिहिलं. प्रोदानोविचने डोळे मिटले. स्तानाने टाच काढून घेतली, कारण आता दाबून उपयोग नव्हता. या माणसाशी तिने तीस वर्षं संसार केला होता, आणि त्याच्या इज्जतीला कुणी बोट लावलं की त्याचं डोकं कसं घरी राहतं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

टेबलाच्या मधोमध ते खोकं बसलं होतं. बसमधून मांडीवर घेऊन बेलग्रेडला आणलेलं. त्यात सहा कप्पे, एकेक पावाएवढा. मूठ फिरवली की कप्पा बाहेर येतो, दुसरा आत सरकतो. हत्यार लागत नाही, माणूस शिकलेला लागत नाही. वरच्या कुरणांत जिथे विजेची तार पोचत नाही तिथे दुधाचा पंप चालवावा, रास्पबेरीच्या बागेत पंखे चालवावेत, आणि एखादा कप्पा बिघडला तर तेवढाच बदलावा. खरी खुबी पुढे होती. चालू असताना एक कप्पा मेला तरी बाकीचे पाच थांबत नाहीत. मेलेल्याला बगल देऊन वीज पुढे जाते. दिव्याची पापणीसुद्धा लवत नाही. चाचाक शहरातला एक कारखानदार हे बनवायला तयार होता, पण पेटंट हातात असेल तर. एवढ्या एका खुबीवर रादिसावचा अर्ज उभा होता.

आणि बाईंच्या संगणकाच्या पडद्यावर तोच दिवा लख्ख पेटलेला दिसत होता. फोटोत मोठी खोली, लांब टेबल, माशांची ताटं, डोक्यावर दिवे. कोपऱ्यात हे खोकं, म्हणजे याचा थोरला भाऊ, लाकडी. त्याच्याजवळ उभा रादिसाव, छाती पुढे काढून. फोटो स्तानानेच काढला होता. व्हिएन्नाला राहणाऱ्या नणंदेला, रोसांदाला, तिनेच पाठवला होता. नणंदबाईंनी तो दोन दिवसांनी सगळ्या जगासाठी इंटरनेटवर लावला आणि खाली लिहिलं: माझ्या भावाची करामत. गावाची वीज गेली तरी आमच्या घरी उजेड. एक कप्पा बाहेर ओढतो, तरी दिवा हलत नाही.

"अर्ज आलाय गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत," बाई म्हणाल्या. "हे त्याच्या दोन महिने आधीचं. डिसेंबरच्या एकोणीस तारखेचं, संत निकोलाच्या दिवसाचं. अर्जाआधी लोकांना दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही, हे तुम्हाला वकिलांनी सांगितलंच असेल."

"सांगितलं," प्रोदानोविच पडलेल्या आवाजात म्हणाला.

"तुमच्या बहिणीने लिहिलंय त्यात खोकं काय करतं ते आहे, कसं करतं ते नाही. नुसत्या तेवढ्यावर मी अडणार नाही. माझा प्रश्न पाहुण्यांचा आहे. किती होते?"

"पस्तीस," रादिसाव म्हणाला. "चाळीस म्हणा."

"त्यांच्यासमोर तुम्ही कप्पा ओढून दाखवलात? खोकं उघडून आतलं समजावून सांगितलंत?"

 रादिसावने खोक्याची कड अंगठ्याने पुसली. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

"चालत होतं," तो म्हणाला. "उत्तम चालत होतं."

"ते नाही विचारलं मी."

"फोटोत दिसतंय ना, दिवे लागलेत ते."

 त्या दिवशी काय झालं ते स्तानाने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नवरा आता कुठल्या तोंडाने कुठे निघाला आहे तेही तिला दिसत होतं. एकदा का तो "हो, ओढून दाखवला" म्हणाला, की संपलं. तो खोटारडा नव्हता. दुधात पाणी घालणं त्याला कधी जमलं नाही. पण या एका बाबतीत त्याने खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि ते खोटं त्याच्याच गळ्याला लागणार होतं.

त्या वर्षी बर्फाने तार पाडली होती. सणाच्या आदल्या दिवशीच रादिसावने खोक्याच्या तारा दिव्यांना जोडून ठेवल्या, आणि सणाच्या दुपारी वीज गेली तसं त्याने ऐटीत बटण दाबलं. खोलीभर उजेड पडला. लोकांनी वा वा केली. स्तानाने फोटो काढला तो तेव्हाच. रादिसाव टेबलाभोवती फिरत होता, मासे वाढत होता, राकियाची दारू ओतत होता, आणि दर दोन माणसांमागे एकाला खोक्याची गोष्ट सांगत होता. खिडकीबाहेर अंधारून आलं. मिलुन, पलीकडच्या घरचा, काट्याने माशाचा मोठा तुकडा तोंडात घालत होता, आणि दिवे गेले. एक गेला असं नाही. सगळे गेले.

"रादिसाव," मिलुन अंधारातून म्हणाला, "माझा काटा ताटात आहे की नाकात?"

तिथपासून हसू सुरू झालं. रादिसावने फळीवरचा पेचकस चाचपडत उचलला तोच सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. ऐंशीची म्हातारी, पण पकड अशी की सुटता सुटत नाही. आज लाल अक्षर आहे, त्या म्हणाल्या. पंचांगात ज्या दिवसाचं नाव लाल छापलंय त्या दिवशी या घरात सुईसुद्धा उचलली गेली नाही, आणि तू पेचकस उचलतोस? बटण दाबणं हे काम नव्हे, असा निकाल त्यांनीच सकाळी दिला होता. पेचकस मात्र काम. मग आतल्या खोलीत तेवत असलेली सणाची एकुलती एक मेणबत्ती टेबलावर आणली, आणि रादिसाव भिंतीकडे तोंड करून त्या मेलेल्या खोक्यापाशी उभा राहिला.

त्या दिवसापासून गावात त्याचं नाव अंधाऱ्या पडलं. काफानात, म्हणजे गावच्या गुत्त्यात, तो शिरला की मिलुन ओरडे, दिवा लावा रे, अंधाऱ्या आलाय. दुकानात, पुलावर, चर्चच्या पायरीवर तेच. त्या नावाने हाक मारली तर रादिसाव ओ देत नसे. पाच वेळा मारा, दहा वेळा मारा, तो समोरच्या डोंगराकडे बघत चालू लागे. घरात तर ते नाव काढायचं नाही, हे त्याने स्तानाकडून कबूल करून घेतलं होतं. एकट्या रोसांदाला, व्हिएन्नात, यातलं काही माहीत नव्हतं. सणाच्या रात्री तिचा फोन आला तेव्हा त्याने तिला सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं म्हणून सांगून टाकलं. वर कप्पा ओढून दाखवल्याची फोडणी दिली. निदान एका माणसाच्या नजरेत तरी उजेड राहावा, दुसरं काय.

"पेटंटचा कागद येऊ दे," तो दोन वर्षं म्हणत होता. "भिंतीवर लावतो काफानाच्या. मग बघू कोणाचं तोंड उघडतं ते."

आणि आता कागद समोर होता, आणि हा म्हणत होता उत्तम चालत होतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मला साधं उत्तर हवंय. दाखवलात की नाही?"

रादिसावने श्वास घेतला. छाती फोटोतल्यासारखी पुढे आली.

"सांग की, अंधाऱ्या," स्ताना म्हणाली.

मोठ्याने नाही म्हणाली. चहा हवा का विचारावं तितक्याच आवाजात. पण खोली लहान होती. रादिसावची मान तिच्याकडे अशी वळली, की तिने डोळे खाली घातले आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद नीट करू लागली.

"काय म्हणालात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. गावात असंच हाक मारतात त्याला."

"का?"

 आता पुढचं सांगणं स्तानाचं नव्हतं. प्रोदानोविच या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. आपल्या वकिलालाही रादिसावने उजेडाचीच गोष्ट सांगितली होती.

 मग रादिसावची छाती हळूहळू खाली बसली.

"दिवे गेले," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी. सगळ्यांच्या समोर. एक कप्पा मेला आणि बाकीचे पाच त्याच्या मागोमाग गेले. मिट्ट काळोख झाला, बाई. संत निकोलाच्या दिवशी, माझ्या घरात, भरल्या ताटावर."

"आणि मग तुम्ही खोकं उघडलंत?"

"त्या दिवशी? लाल अक्षर होतं. आईने हात धरला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून हातात घेतला. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्या हसल्या नाहीत.

"माझी आजी त्या दिवशी बटणसुद्धा शिवू देत नसे," त्या म्हणाल्या. "तुटलं तर पिन लावून फिरा म्हणायची. मग कधी उघडलंत?"

"दुसऱ्या दिवशी. गोठ्यात नेऊन. गावाला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून आठवडाभर तिथेच राहिलो म्हणा ना. तेव्हा दिसलं. वीज एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची. मधला मेला की वाट बंद. तेव्हा डोक्यात आलं की प्रत्येक कप्प्याला बगलेची वाट द्यायला हवी."

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "ज्या गोष्टीसाठी तुम्ही पेटंट मागताय, ती त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती."

"असती तर दिवे गेले असते का?" रादिसाव जरा चिडूनच म्हणाला.

प्रोदानोविचच्या हातातलं पेन खाली पडलं. तो ते उचलायला वाकला आणि टेबलाखालीच थोडा जास्त वेळ राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसासारखा होता.

"दोन पाहुण्यांचं सहीचं निवेदन आणा," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "दिवे गेले, आणि खोकं कुणासमोर उघडलं नाही. एवढंच. बाकी अर्जात मला काही खोट दिसत नाही. ते मिळालं की मी अडवणार नाही."

"हे तुम्ही लिहिताय ते," रादिसावने विचारलं, "कोण वाचतं?"

"फाइल खुली असते. ज्याला हवी तो वाचू शकतो."

"म्हणजे ज्याला यायचं तो येतो," स्ताना पुटपुटली. बाई या वेळी हसल्या.

रादिसाव हसला नाही. त्याने खोकं पिशवीत घातलं, बाईंचे आभार मानले आणि बाहेर आला. ज्या कागदाने ते नाव पुसायचं होतं, त्याच कागदात ते आता कायमचं जाऊन बसणार होतं.

बसस्टँडवर स्तानाने चीज भरलेला गरम बुरेक घेतला, दोघांना दोन.  शहर मागे पडलं, मक्याची कापलेली शेतं लागली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"तोंडातून निसटलं ना तुझ्या?"

स्तानाने बुरेकचा घास घेतला. सावकाश चावला.

"आतलं चीज फार गरम आहे," ती म्हणाली. "जपून खा."

तो खिडकीबाहेर बघू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "रोसांदाला कोण सांगणार?"

"फाइल खुली असते म्हणे."

त्यावर त्याच्या खांद्यांत काहीतरी हललं. पण तोंड खिडकीकडे होतं, तेव्हा हसला की काय ते तिला दिसलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर दोघं काफानात गेली. म्हणजे स्ताना आत गेली. रादिसाव दाराशी टोपी झटकत राहिला, जणू बाहेर बर्फ पडत होता. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. स्ताना परत दाराशी आली आणि त्याच्या कोपराला धरून त्याला आत घेऊन गेली.

"दिवा लावा रे," कोपऱ्यातून मिलुन ओरडला. "अंधाऱ्या आलाय."

नेहमीसारखे सगळे हसले. रादिसाव नेहमीसारखा कुणाकडे न बघता टेबलापाशी गेला आणि बसला. मिलुनच्या समोरच. त्याच्या शेजारी दुकानवाला ओब्रेन होता, तोही त्या सणाला आला होता. रादिसावने घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं: बेलग्रेड, बाई, फोटो, आणि शेवटी निवेदन. दोन ओळी लिहायच्या, खाली सही करायची. दिवे गेले होते म्हणून.

स्तानाला वाटलं, आता छप्पर उडेल. मिलुनला आयुष्यात याहून मोठी मेजवानी मिळणार नव्हती. सरकारदरबारी, सही करून, शेजाऱ्याची फजिती.

मिलुन हसला नाही. त्याने पेला बाजूला सारला आणि कोऱ्या कागदाकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याच्यापुढे शिळं अन्न ठेवलं असावं.

"नाही," तो म्हणाला. "हे मी लिहिणार नाही."

"काय?"

"बेलग्रेडच्या लोकांना मी सांगू, की माझ्या शेजाऱ्याचं खोकं भर सणात बंद पडलं? ज्याच्या घरी जेवलो त्याची अब्रू मी सरकारला विकू? जीभ झडेल माझी. आण तो कागद. मी लिहितो, लख्ख उजेड होता."

"दिव्याची पापणी लवली नाही," ओब्रेन म्हणाला. "मीही लिहितो."

"मीही," गल्ल्यामागून मालक म्हणाला. तो त्या दिवशी गावातसुद्धा नव्हता.

रादिसाव तोंड उघडं टाकून बसला. दोन वर्षं ज्यांनी त्याला रस्त्याने सरळ चालू दिलं नाही, ते आता त्याच्या उजेडासाठी शपथा घ्यायला निघाले होते.

"अरे, पण दिवे गेले होते," तो म्हणाला.

"मला नाही आठवत," मिलुन म्हणाला.

"नाही आठवत? पुलावर परवा तूच आरडाओरडा केलास."

"ते आपलं आपल्यात. घरातलं घरात. बेलग्रेडला काय त्याचं?"

"मिलुन, उजेड लिहिलंस तर मेलो मी. दिवे गेले होते, तू लिही. लिहावंच लागेल."

"गेले असतील एखाद मिनिट."

"एखाद मिनिट?" रादिसाव उठून उभा राहिला. "सगळे गेले. एकदम. मिट्ट अंधार. तुझा हात तुला दिसत नव्हता. तू विचारलंस, काटा ताटात आहे की नाकात. ओब्रेन, तू माझ्या आईचा पेला उचलून प्यायलास आणि वर म्हणालास, ही कोणाची औषधाची बाटली आहे."

"ते औषधच होतं," ओब्रेन कबूल करून गेला.

"पाद्रीबुवांचा भाऊ दार समजून कपाटात शिरला. तिथून बोलत होता, बाहेर फार थंडी आहे म्हणून. मी स्वतः वाफाळत्या घेवड्याच्या भांड्यात हात घातला, खोकं समजून. हा बघ डाग." त्याने बाही वर केली. "आणि तू म्हणतोस एखाद मिनिट. असा अंधार या गावाने पाहिला नाही, मिलुन. माझ्या घरी झाला तो."

सगळं काफाना हसत होतं. स्ताना बघत होती. आणि मग तिला दिसलं, की रादिसावही हसतोय. बाही वर, हात हवेत, डोळ्यांत पाणी. दोन वर्षांत ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती, आणि आता थांबवेना. तिच्या छातीवरून एक ओझं उतरलं. इतके दिवस ते तिथे होतं हे तिला आत्ता कळलं.

"बरं," मिलुन डोळे पुसत म्हणाला. "असं म्हणतोस तर लिहू. स्ताना, तू लिही, माझा चष्मा घरी आहे. मी सांगतो."

स्तानाने कागद ओढला. मिलुन ताठ बसला. चर्चमध्ये उभा असावा तसा त्याचा आवाज झाला.

"मी, मिलुन, रादिसावचा शेजारी, सांगतो की संत निकोलाच्या दिवशी मी त्याच्या घरी जेवत होतो आणि दिवे गेले. सगळे गेले. खोकं कुणी उघडलं नाही. लाल अक्षर होतं, म्हातारीने त्याचा हात धरला."

"एवढं पुरे," स्ताना म्हणाली. "सही कर."

"थांब गं. संपलं कुठे? लिही. मग एक मेणबत्ती होती. सणाची मेणबत्ती वाइनने विझवायची असते, ती आम्ही विझवली नाही. जळू दिली. ती संपेपर्यंत आम्ही बसलो होतो. कुणी उठून गेलं नाही."

"त्या बाईंना हे नकोय, मिलुन."

"खरं लिहायला सांगितलंय ना? मग हेही खरंच आहे. लिही."

स्तानाने लिहिलं. रादिसाव अजून उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण जागच्या जागी थांबलं होतं.

"गेले नव्हते कुणी?" त्याने विचारलं.

"जातात कशाला? मासे होते, राकिया होती."

"मला वाटलं, बरेचसे गेले. मी मागे वळलो तेव्हा खोली रिकामी होती."

"तू वळलास तेव्हा मेणबत्ती संपून कितीतरी वेळ झाला होता," मिलुन म्हणाला. "आम्ही जाताना तुला हाकाही मारल्या. तू भिंतीकडे तोंड करून उभा. तुला कोण दिसणार?"

रादिसावने स्तानाकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्या दिवशी तीही खोलीतच होती. ताटं तिनेच उचलली होती.

तो हळूच खुर्चीत बसला. मालकाने न मागता एक पेला त्याच्यापुढे ठेवला.  ओब्रेनने कागद पुढे ओढून दोनदा वाचला आणि खाली आपलं नाव घातलं. मग तो मिलुनकडे सरकवला. मिलुनने पेन कागदावर टेकवलं, दाबलं, झटकलं, पुन्हा दाबलं. शाई उतरेना.

"अंधाऱ्या," तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "दुसरं पेन आहे का रे?"

"ओ," रादिसाव म्हणाला, आणि कोटाचे खिसे चाचपू लागला.